वाचकांचे प्रश्न : ब्रिटनच्या ‘टाइप ४५’ विनाशिका

ब्रिटिश नौदलाच्या ‘टाइप ४५’ या हवाई संरक्षण विनाशिकांविषयी या सदरात मागे एक लहानशी नोंद आली होती. डेअरिंग, डॉन्टलेस, डायमंड, ड्रॅगन, डिफेंडर आणि डंकन अशा या सहा नौका असून पहिलीच्या नावावरून या वर्गाला ‘डेअरिंग वर्ग’ असेही म्हणतात, एवढेच तिच्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : जी नौका इतर नौकांचे हवाई हल्ल्यापासून रक्षण करते तिला ‘विनाशिका’ का म्हणायचे? ‘रक्षिका’ म्हणणे अधिक योग्य नव्हे काय?

उत्तर : आपली सूचना गोड आहे, पण नावाचा इतिहास तिच्या आड येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणतीर सोडणाऱ्या छोट्या, वेगवान बोटी मोठ्या युद्धनौकांच्या जिवावर उठल्या होत्या. त्या बोटींना गाठून बुडवण्यासाठी ज्या चपळ नौका बांधल्या गेल्या त्यांना ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’ म्हणत. पुढे नावातील पहिले दोन शब्द गळाले आणि ‘डिस्ट्रॉयर’ उरले, त्याचे मराठीत ‘विनाशिका’ झाले. म्हणजे विनाश व्हायचा होता तो हल्लेखोराचा, आणि हेतू पहिल्यापासून ताफ्याच्या रक्षणाचाच होता. पाणतिराची जागा आधी विमानाने आणि मग क्षेपणास्त्राने घेतली, इतकाच फरक.

प्रश्न : केवळ हवाई संरक्षणासाठी वेगळी विनाशिका बांधावी असे ब्रिटनला का वाटले? यामागे फॉकलंड युद्ध आहे असे वाचले, ते कितपत खरे?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. फॉकलंड बेटांच्या ताब्यावरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात १९८२ मध्ये हे युद्ध झाले. हवाई संरक्षणाची वेगळी विनाशिका मात्र ब्रिटनकडे त्या युद्धाच्या आधीपासून होती. ‘टाइप ४२’ या नावाच्या त्या वर्गावर ‘सी डार्ट’ हे क्षेपणास्त्र होते, आणि उंचावरून येणाऱ्या विमानांसाठी ते चांगलेही होते. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या ‘सुपर एतांदार’ विमानांनी सोडलेले ‘एक्झोसे’ क्षेपणास्त्र याच वर्गातील शेफिल्ड या नौकेवर आदळले. ते समुद्राच्या पृष्ठभागाला जवळजवळ चाटत आले होते आणि शेफिल्डला प्रत्युत्तर देण्याइतकाही वेळ मिळाला नाही. २० जण मृत्युमुखी पडले आणि ओढून नेली जात असताना सहा दिवसांनी ती नौका बुडाली. २५ मे रोजी त्याच वर्गातील कॉव्हेंट्रीवर ‘स्कायहॉक’ विमानांनी अगदी खालून येऊन बॉम्ब टाकले आणि तीही गेली.

या प्रकरणात एक विलक्षण गोष्ट होती, जिचा उल्लेख सहसा होत नाही. अर्जेंटिनाच्या नौदलाकडे स्वतःच्याच दोन ‘टाइप ४२’ विनाशिका होत्या, हेर्कुलेस आणि सान्तिसिमा त्रिनिदाद. या नौकांच्या रडारला काय दिसते आणि काय दिसत नाही हे अर्जेंटिनाच्या वैमानिकांना ऐकीव माहितीवरून ताडावे लागत नव्हते. त्यांनी खालून येण्याचा मार्ग निवडला तो त्यामुळेच.

‘टाइप ४२’ची दुसरी मर्यादा मोजणीची होती. ‘सी डार्ट’ला लक्ष्यापर्यंत नेण्यासाठी नौकेवरील एका रडारने ते लक्ष्य अखेरपर्यंत उजळत ठेवावे लागे, आणि अशी रडारे नौकेवर दोनच होती. एकाच वेळी तिसरे लक्ष्य आले तर त्याच्यासाठी हातच मोकळा नसे. तेव्हा पुढच्या विनाशिकेकडून दोन गोष्टी हव्या होत्या : पाण्याला चाटून येणारे क्षेपणास्त्र वेळीच दिसले पाहिजे, आणि एकाच वेळी अनेकांना तोंड देता आले पाहिजे. ‘टाइप ४५’चा आराखडा समोर ठेवला तर त्यातील बहुतेक प्रत्येक मोठा निर्णय या दोन वाक्यांशी जोडता येतो.

मात्र ती प्रत्यक्षात यायला फार काळ गेला. नाटो देशांच्या सामाईक फ्रिगेटची एक योजना आधीच फसली होती, आणि मग फ्रान्स व इटलीबरोबर ‘होरायझन’ नावाची योजना चालली. तिघांच्या गरजा जुळेनात. ब्रिटनला विस्तीर्ण महासागरावर पसरलेल्या ताफ्याचे संरक्षण हवे होते, तर इतर दोघांची नजर मुख्यतः भूमध्य समुद्रावर होती. एप्रिल १९९९ मध्ये ब्रिटन त्या योजनेतून बाहेर पडला. क्षेपणास्त्र यंत्रणा सामाईक ठेवायची, पण नौका आणि मुख्य रडार स्वतःचे, असा तोडगा निघाला. फ्रान्स आणि इटलीने पुढे प्रत्येकी दोन ‘होरायझन’ नौका बांधल्या. ब्रिटनची डेअरिंग १ फेब्रुवारी २००६ रोजी ग्लासगोजवळच्या स्कॉट्सटन गोदीतून पाण्यात उतरली आणि २३ जुलै २००९ रोजी नौदलात दाखल झाली. सहावी, म्हणजे डंकन, सप्टेंबर २०१३ मध्ये आली. शेफिल्ड बुडाल्यापासून एकतीस वर्षे झाली होती.

प्रश्न : छायाचित्रांत या नौकेच्या डोलकाठीच्या टोकावर एक मोठा गोळा दिसतो. तो कसला? आणि एवढे अवजड काही इतक्या उंच बसवल्याने नौका डगमगत नाही का?

उत्तर : तो गोळा म्हणजे ‘सॅम्पसन’ या रडारचे आवरण. हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत होता आणि उत्तराला थोडी जागा देणे मला भाग आहे, कारण या नौकेचे सगळे मर्म तिथेच आहे.

पृथ्वी गोल आहे, आणि रडारचे किरण साधारणपणे सरळ जातात. त्यामुळे क्षितिजापलीकडे पाण्यालगत असलेली वस्तू कितीही शक्तिशाली रडारला दिसत नाही. वातावरणात किरण किंचित वाकतात हे धरून हिशेबाचा एक सोपा नियम आहे : रडारची उंची आणि लक्ष्याची उंची या दोहोंची मीटरमधील वर्गमुळे काढायची, त्यांची बेरीज करायची आणि तिला सुमारे ४.१ ने गुणायचे, म्हणजे किलोमीटरमध्ये अंतर मिळते. समजा क्षेपणास्त्र पाण्यापासून ५ मीटरवरून येत आहे. रडार १५ मीटर उंचीवर असेल तर ते सुमारे २५ किलोमीटरवर दिसू लागेल, आणि ३० मीटरवर असेल तर सुमारे ३२ किलोमीटरवर. सात किलोमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. आवाजाहून थोड्या कमी वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राला तेवढे अंतर कापायला वीस-बावीस सेकंद लागतात, आणि एकूण वेळच ऐंशी ते शंभर सेकंदांचा असताना हे वीस सेकंद फार मोठे असतात. क्षेपणास्त्र आवाजाच्या तिप्पट वेगाचे असेल तर सगळा खेळ अर्ध्या मिनिटात आटोपतो, आणि मग वाढीव सात सेकंदांसाठीही अभियंते जिवाचे रान करतात.

आता डगमगण्याविषयी. आपली शंका अगदी रास्त आहे, आणि रचनाकारांपुढेही ती होती. अमेरिकी ‘आर्ली बर्क’ विनाशिकांवर रडारचे चार मोठे पृष्ठभाग चार दिशांना कायमचे बसवलेले असतात. ते जड असल्यामुळे त्यांना नौकेच्या मुख्य बांधणीतच, तुलनेने खाली ठेवावे लागते. ब्रिटनने उलट वाट धरली. सॅम्पसनला फक्त दोनच पृष्ठभाग आहेत, पाठीला पाठ लावलेले, आणि ते मिनिटाला तीस फेऱ्या घेत फिरतात. एका फेरीला दोन सेकंद आणि पृष्ठभाग दोन, त्यामुळे प्रत्येक दिशेवर सेकंदाला एकदा नजर पडते. शिवाय प्रत्येक पृष्ठभागावरील शेकडो छोटे प्रक्षेपक-ग्राहक आपला किरण विजेच्या साह्याने क्षणार्धात हवा तिकडे वळवू शकतात, त्यामुळे आत्ताच फिरून गेलेल्या दिशेकडेही थोडे मागे वळून पाहता येते. चारऐवजी दोन पृष्ठभाग म्हणजे वजन कमी, आणि वजन कमी म्हणून उंची जास्त. त्या उंचीची किंमत नौकेने रुंदीने चुकवली आहे. लांबी १५२ मीटर आणि रुंदी २१ मीटरहून किंचित अधिक, म्हणजे जुन्या ‘टाइप ४२’च्या मानाने ही चांगलीच ऐसपैस आहे.

त्याच नौकेच्या मागील भागात एक काळी, फळीसारखी दिसणारी दुसरी अँटेना संथपणे फिरताना दिसते. ते लांब पल्ल्याचे ‘एस १८५० एम’ रडार. सुमारे ४०० किलोमीटरपर्यंतच्या आकाशावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम, आणि त्यातून जे धोक्याचे वाटेल ते सॅम्पसनकडे सोपवायचे.

इतके करूनही क्षितिज क्षितिजच राहते. ३० मीटरवरील रडारपेक्षा हजार मीटरवर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरवरील साधे रडारही पाण्यालगतचे फार दूरवर पाहू शकते. फॉकलंडच्या वेळी ब्रिटनकडे आकाशातून टेहळणी करणारे रडारवाहू विमान नव्हते, कारण ते ज्या विमानवाहू नौकेवर असे ती ‘आर्क रॉयल’ काही वर्षे आधीच निवृत्त झाली होती. तेव्हा घाईघाईने ‘सी किंग’ हेलिकॉप्टरवर रडार बसवण्यात आले आणि तिथून ती परंपरा सुरू झाली. त्यामुळे सॅम्पसनची स्तुती करताना हेलिकॉप्टरला विसरू नये, असे मला वाटते.

प्रश्न : या नौकेवर क्षेपणास्त्रांचे तोफेसारखे फिरणारे प्रक्षेपक दिसत नाहीत. मग क्षेपणास्त्र नेमके सुटते कुठून आणि वळते कसे?

उत्तर : पुढील तोफेच्या मागे, नौका जिथून चालवली जाते त्या कक्षाच्या समोर, डेकमध्ये ४८ उभ्या नळ्या बसवलेल्या आहेत. त्यांतून ‘अॅस्टर’ क्षेपणास्त्र सरळ वर उसळते आणि मग लक्ष्याच्या दिशेला वळते. त्यामुळे प्रक्षेपक फिरवण्यात वेळ जात नाही आणि हल्ला कोणत्या बाजूने आला याला महत्त्व राहत नाही. अॅस्टरचे दोन प्रकार आहेत. ‘अॅस्टर १५’चा पल्ला ३० किलोमीटरहून थोडा अधिक, तर ‘अॅस्टर ३०’चा सुमारे १२० किलोमीटर. पुढचा बाणासारखा भाग दोन्हींत सारखाच असतो; फरक पाठीमागच्या, उड्डाणानंतर गळून पडणाऱ्या इंधनखंडात आहे. रडार, नळ्या, क्षेपणास्त्र आणि नियंत्रण यांच्या एकत्रित यंत्रणेला ब्रिटिश नौदल ‘सी व्हायपर’ म्हणते.

वाटेत सॅम्पसन क्षेपणास्त्राला लक्ष्याची ताजी जागा कळवत राहते, आणि जवळ पोहोचल्यावर क्षेपणास्त्राच्या नाकातील स्वतःचे छोटे रडार सुरू होते. म्हणजे ‘सी डार्ट’प्रमाणे नौकेला अखेरपर्यंत लक्ष्य उजळत ठेवावे लागत नाही, आणि दोन लक्ष्यांची जुनी मर्यादा इथे सुटते. वळण्याबाबत सांगायचे तर, बहुतेक क्षेपणास्त्रे शेपटीकडील पंख हलवून दिशा बदलतात, त्यात आधी नाक वळते आणि मग मार्ग. अॅस्टरमध्ये पंखांखेरीज गुरुत्वमध्याजवळ आडवे वायुझोत सोडणारी छिद्रे आहेत. शेवटच्या क्षणी ते झोत संपूर्ण क्षेपणास्त्रालाच बाजूला ढकलतात. लक्ष्याने ऐनवेळी हुलकावणी दिली तरी ते सुटू नये, हा त्यामागील हेतू.

प्रश्न : नौकेच्या भिंती इतक्या सपाट आणि तिरक्या का? ती रडारला दिसतच नाही असे म्हणतात.

उत्तर : दिसते, पण आहे त्याहून बरीच लहान दिसते. तिरक्या पृष्ठभागांमुळे शत्रूच्या रडारचे किरण आले त्या दिशेने परत न जाता इतरत्र उडतात.

प्रश्न : इतकी चांगली नौका असेल तर ब्रिटनने फक्त सहाच का बांधल्या?

उत्तर : मूळ विचार बारांचा होता. जुन्या ‘टाइप ४२’ चौदा बांधल्या गेल्या होत्या, त्या मानाने बारा ही मागणी अवाजवी नव्हती. २००४ मध्ये संख्या आठवर आली आणि २००८ मध्ये सहावर थांबली. प्रत्येक नौका पूर्वीच्या नौकेपेक्षा अधिक समर्थ असल्याने कमी पुरतील, असा युक्तिवाद करण्यात आला. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. एक नौका कितीही समर्थ असली तरी एका वेळी एकाच समुद्रात असते. शिवाय नौदलात साधारण हिशेब असा असतो की तीन नौकांपैकी एक मोहिमेवर, एक तयारीत आणि एक दुरुस्तीत. म्हणजे सहापैकी मोहिमेसाठी हाताशी दोन. विमानवाहू नौकेच्या सोबतीला दोन दिल्या की कोठडी रिकामी.

खर्चाचा भागही होताच. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २००९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार सहा नौकांचा एकूण खर्च ६४६ कोटी पौंडांवर गेला होता. तो मूळ अंदाजापेक्षा सुमारे दीडशे कोटींनी अधिक होता आणि कामाला दोन वर्षांहून जास्त विलंब झाला होता. संख्या कमी झाली की संशोधनाचा आणि आराखड्याचा तोच खर्च कमी नौकांवर वाटला जातो, त्यामुळे प्रत्येक नौका अधिक महाग दिसते आणि ती महाग दिसते म्हणून आणखी एक कमी करावीशी वाटते. हे चक्र ब्रिटनपुरतेच मर्यादित नाही.

पैसा वाचवण्याच्या याच ओढीने इतर शस्त्रांकडेही हात आखडता घेतला गेला. नौकेवरून थेट पाणतीर सोडण्याच्या नळ्या बसवल्या नाहीत, ते काम हेलिकॉप्टरवर सोडले. नौकांवर मारा करणारी ‘हार्पून’ क्षेपणास्त्रे सहांपैकी काहींवरच, तीही जुन्या नौकांवरून काढलेली, बसवण्यात आली. आकाश सोडले तर ही नौका बऱ्याच बाबतीत इतरांवर अवलंबून आहे, असे स्पष्ट म्हटलेले बरे.

प्रश्न : उष्ण समुद्रात या नौकांची वीज जाऊन त्या जागच्या जागी बंद पडतात, असे ऐकले. अब्जावधी खर्चून बांधलेल्या युद्धनौकेत असे कसे होऊ शकते? की ही केवळ वदंता आहे?

उत्तर : वदंता नाही. ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीपुढे २०१६ मध्ये याची जाहीर चर्चा झाली आहे. पण ‘गरम पाण्यात बंद पडणारी नौका’ हे वर्तमानपत्री वाक्य कारणापेक्षा परिणामावर बोट ठेवते, म्हणून थोडे तपशिलात जाऊ.

बहुतेक युद्धनौकांत टर्बाइन किंवा डिझेल इंजिन दंतचक्रांमार्फत नौकेला पुढे ढकलणारे पाण्यातील पंखे थेट फिरवते, आणि दिवे, रडार, संगणक यांच्यासाठी वेगळे जनित्र असते. ‘टाइप ४५’मध्ये सगळे एकत्र आहे. दोन गॅस टर्बाइन आणि दोन डिझेल जनित्रे फक्त वीज तयार करतात, ती वीज एका सामाईक जाळ्यात जाते, आणि त्याच जाळ्यातून प्रत्येकी २० मेगावॅटच्या दोन मोटरी पंखे फिरवतात, तर सॅम्पसनपासून भटारखान्यापर्यंत सगळ्यांना पुरवठा होतो. ही कल्पना उत्तम आहे. हवी तेव्हा हवी तिकडे शक्ती वळवता येते आणि इंधन वाचते.

अडचण टर्बाइनमध्ये होती. साधे गॅस टर्बाइन पूर्ण वेगात चांगले चालते, पण कमी वेगात इंधन अधाशासारखे पिते, आणि युद्धनौका तर बराच काळ मंद वेगातच असते. यावर उपाय म्हणून रोल्स-रॉइसचे ‘डब्ल्यूआर-२१’ हे नवे टर्बाइन निवडण्यात आले. त्यात दोन जास्तीचे भाग आहेत. एक, दाबल्या जाणाऱ्या हवेला मधल्या टप्प्यावर थंड करणारा. दुसरा, बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंची उष्णता काढून ती ज्वलनाआधीच्या हवेला देणारा. तत्त्व निर्दोष होते, कागदावरची काटकसर खरी होती, आणि या टर्बाइनच्या विकासात अमेरिकी नौदलाचाही पैसा होता. प्रत्यक्षात मात्र ते ‘टाइप ४५’ सोडून कोणत्याही नौदलाने आपल्या नौकांवर घेतले नाही. अभियांत्रिकीत एकट्याने पुढे जाणाऱ्याला सगळे दोष एकट्यालाच शोधावे लागतात.

हवा आणि समुद्राचे पाणी दोन्ही गरम असले, जसे ते आखातात असते, की थंड करणाऱ्या त्या भागाचे काम ढेपाळे. टर्बाइनची शक्ती हळूहळू कमी होण्याऐवजी ते अचानक थांबे. तेवढ्याने नौका बंद पडायला नको होती, कारण डिझेल जनित्रे होतीच. पण ती प्रत्येकी केवळ २ मेगावॅटची होती. वीस-एकवीस मेगावॅटचे टर्बाइन गळाले की त्याचा सारा भार एका क्षणात या दोन जनित्रांच्या डोक्यावर येई, तीही स्वतःला वाचवण्यासाठी थांबत, आणि मग सगळीकडे अंधार. पंखे थांबले, दिवे गेले, रडार गेले. सामाईक जाळ्याचा गुण इथे उलटा फिरला : सगळ्यांना एकत्र पोसणारी गोष्ट सगळ्यांना एकत्र उपाशी ठेवू लागली. समितीपुढे कंपन्यांच्या प्रतिनिधींनी असे मांडले की मूळ मागणीत धरले होते त्याहून अधिक उष्णतेत आणि अधिक काळ या नौका चालवल्या गेल्या. आता, १९९१ च्या आखाती युद्धात ज्या नौदलाच्या विनाशिका होत्या त्या नौदलाची पुढची विनाशिका आखातात जाईल हे आराखडा करताना कोणाच्या ध्यानात यावे लागते, हे मला तरी कोडे वाटते. दोष पुरवठादाराचा, मागणी लिहिणाऱ्याचा की पुरेशी चाचणी न घेणाऱ्याचा, याची वाटणी करत बसण्यात अर्थ नाही. तिघांचाही वाटा त्यात दिसतो.

उपाय ठरला तो टर्बाइन बदलण्याचा नाही. त्यासाठी नौका जवळजवळ नव्याने बांधावी लागली असती. त्याऐवजी डिझेलची बाजू भक्कम करायची, असे ठरले. २ मेगावॅटची दोन जनित्रे काढून प्रत्येकी ३ मेगावॅटची तीन बसवायची, म्हणजे ४ मेगावॅटची शक्ती ९ वर जाते. मग बराचसा प्रवास टर्बाइनविना, केवळ डिझेलवर होऊ शकतो, आणि टर्बाइन गळाले तरी अंधार होत नाही. मार्च २०१८ मध्ये १६ कोटी पौंडांचे कंत्राट दिले गेले. पहिली डॉन्टलेस बर्कनहेडच्या गोदीत गेली, नौकेच्या अंगाला मोठे भोक पाडून जुनी जनित्रे बाहेर काढली गेली, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा समुद्री चाचण्यांसाठी निघाली. मात्र एकेक नौका असे करताना वर्षे जातात. वर्गाला जिचे नाव मिळाले ती डेअरिंग २०१७ नंतर अनेक वर्षे मोहिमेवर गेलीच नाही. आधीच्या प्रश्नातील सहाचा आकडा इथे पुन्हा आठवावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. यावरून विजेवर चालणाऱ्या युद्धनौकांची कल्पनाच फसली असा निष्कर्ष काढावा का? भारतीय विनाशिकांशी यांची तुलना कशी करावी?

उत्तर : तसा निष्कर्ष काढू नये. ब्रिटनच्याच ‘क्वीन एलिझाबेथ’ या विमानवाहू नौकेत हीच कल्पना आहे आणि मोटरीही २० मेगावॅटच्याच आहेत, दोनऐवजी चार. फरक एवढाच की तिथे टर्बाइन साधे, हवेला मधल्या टप्प्यावर थंड करणाऱ्या भागाशिवायचे आहे आणि जोडीला चार मोठी डिझेल जनित्रे आहेत. एकाच कल्पनेची दोन रूपे शेजारी ठेवल्यावर दुखणे कोठे होते ते आपोआप दिसते.

तुलनेचे म्हणाल तर आपल्या ‘विशाखापट्टणम’ वर्गाची रचना निराळ्या विचाराने झाली आहे. तिच्या डोलकाठीवर ‘एमएफ-स्टार’ रडारचे चार स्थिर पृष्ठभाग आहेत, ‘बराक-८’ क्षेपणास्त्रे ३२ आहेत आणि त्यांच्या जोडीला १६ ‘ब्राह्मोस’ आहेत. आकाशाचे रक्षण आणि पृष्ठभागावरील मारा अशी दोन्ही कामे एकाच नौकेकडून घ्यायची, हा तिथला हिशेब. तिचे पंखे गॅस टर्बाइनवर, दंतचक्रांमार्फत फिरतात. भारतीय नौदलालाही विजेवरील चालनाचे आकर्षण आहेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्ट्समथ येथे भारत आणि ब्रिटन यांनी भारतीय नौदलाच्या नौकांसाठी अशी यंत्रणा विकसित करण्याविषयी सहकार्याच्या निवेदनावर सह्या केल्या. आपल्यासारख्या विद्यार्थ्याने ‘टाइप ४५’च्या दुखण्याचा कागदोपत्री अभ्यास करावा, असे सुचवावेसे वाटते, कारण चुकीची किंमत दुसऱ्याने आधीच मोजलेली आहे.

प्रश्न : या नौकांनी प्रत्यक्ष युद्धात कधी काही पाडले आहे का, की सगळे चाचण्यांपुरतेच?

उत्तर : बरीच वर्षे चाचण्यांपुरतेच होते. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर येमेनमधील हूती बंडखोरांचे हल्ले सुरू असताना डायमंडने एक ड्रोन सी व्हायपरने पाडला. त्याआधी ब्रिटिश नौदलाने प्रत्यक्ष युद्धात हवेतील लक्ष्य पाडले होते ते १९९१ च्या आखाती युद्धात. तेव्हा ‘टाइप ४२’ वर्गातील ग्लॉस्टरने अमेरिकी ‘मिसूरी’ या युद्धनौकेच्या रोखाने आलेले इराकी ‘सिल्कवर्म’ क्षेपणास्त्र सी डार्टने उडवले होते. जानेवारी २०२४ मधील एका रात्री डायमंडने सात ड्रोन पाडले, काही क्षेपणास्त्रांनी आणि काही तोफांनी. त्याच वर्षीच्या २४ एप्रिलला तिने जहाजावर रोखलेले बॅलिस्टिक क्षेपणास्त्रही पाडले. ही कामगिरी निराळ्या दर्जाची आहे, कारण बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाण्याला चाटून नव्हे तर उंचावरून, प्रचंड वेगाने कोसळत येते. फॉकलंडची आठवण मनात ठेवून घडवलेल्या नौकेपुढे अगदी वेगळा पेच आला आणि तो तिने सोडवला.

याच संदर्भात अनेकांनी विचारले आहे की स्वस्तातल्या ड्रोनवर दहा लाख पौंडांच्या घरातील क्षेपणास्त्र खर्च करणे शहाणपणाचे आहे काय. क्षेपणास्त्राची तुलना ड्रोनशी न करता ज्या जहाजाकडे तो ड्रोन निघाला होता त्याच्याशी केली तर उत्तर सोपे होते. खरी चिंता पैशाची नसून संख्येची आहे. ४८ नळ्या रिकाम्या झाल्या की त्या समुद्रात भरता येत नाहीत, बंदर गाठावे लागते. म्हणूनच तोफेने जे पाडता येईल ते तोफेने पाडणे हे नौसैनिकांनी दाखवलेले तारतम्य मला अधिक मोलाचे वाटते.

प्रश्न : ड्रॅगन या नौकेच्या नाळेवर लाल ड्रॅगनचे चित्र आहे. युद्धनौकेवर असे चित्र चालते का?

उत्तर : चालते, निदान ब्रिटनमध्ये चालले. तो वेल्सच्या ध्वजावरील लाल ड्रॅगन आहे आणि नौकेच्या दोन्ही बाजूंना आहे. रडारला चित्र दिसत नाही, तेव्हा आक्षेप असलाच तर तो सौंदर्यदृष्टीचा.

प्रश्न : या नौकांचे पुढे काय होणार?

उत्तर : त्यांची जागा घेण्यासाठी ‘टाइप ८३’ नावाची विनाशिका विचाराधीन आहे, आणि ती येईल तर २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर याच नौका सुधारून वापरायच्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सी व्हायपरच्या सुधारणेसाठी ४० कोटी ५० लाख पौंडांची घोषणा झाली, तिचा रोख मुख्यतः बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांवर आहे. त्याआधी २०२१ मध्ये, कमी पल्ल्याच्या ‘सी सेप्टर’ क्षेपणास्त्रांच्या २४ नळ्या वाढवण्याचे जाहीर झाले होते. मग ४८ जुन्या नळ्या संपूर्णपणे लांब पल्ल्याच्या अॅस्टर ३० साठी मोकळ्या राहतील आणि एकूण संख्या ७२ होईल. या नव्या नळ्यांसाठी नौकेत तोडफोड फारशी करावी लागणार नाही, कारण मूळ आराखड्यातच पुढील भागात जास्तीच्या क्षेपणास्त्रांसाठी जागा राखून ठेवलेली होती. क्षेपणास्त्रे नसल्याने ती व्यायामशाळा म्हणून वापरली गेली.